नवा क्लच पारखायचा तर आधी जुना नीट करा

डिसेंबरात मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन किंवा ओंटारियोत बर्फ टिकायला लागला की स्नोमोबाइलवाल्यांच्या गप्पांत क्लचचा विषय निघतोच. कुणीतरी बाहेरच्या कंपनीचा क्लच बसवलेला असतो आणि गाडीचा पिकअप कसा पार बदलला हे तो उत्साहाने सांगत असतो. इकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांच्या गराजमध्ये स्नोमोबाइल आहे, तेही विचारतात, असा क्लच घ्यावा का? घ्यायला हरकत नाही, पण तो चांगला आहे की नाही हे ठरवणारी चाचणी नव्या क्लचचं खोकं उघडण्याआधीच सुरू होते. आधी मूळ क्लच ठणठणीत करा, त्याचे आकडे लिहून ठेवा आणि मग त्याच दिवशी, त्याच बर्फावर नव्याची आणि त्याची गाठ घालून द्या. एवढं केलं नाही तर हाती राहतो तो नुसता अंदाज, आणि त्या अंदाजासाठी शेकडो, कधी हजारावर डॉलर मोजलेले असतात.

कारण साधं आहे. नवा क्लच घेण्याची इच्छा बहुतेकांना कधी होते? मूळ क्लच चार-पाच हजार किलोमीटर चालून दमला, बुश झिजले, स्प्रिंग बसली, की. त्या अवस्थेतल्या क्लचच्या जागी कुठलाही नवा क्लच बसवला तरी गाडी सुधारल्यासारखी वाटणारच. कंपनीचाच नवा बसवला असता तरी वाटली असती. तुलना नव्या आणि झिजलेल्या वस्तूंची होते, दोन रचनांची होतच नाही.

स्कूटरमधलीच यंत्रणा, काम मात्र जास्त कठीण

पुण्या-मुंबईत ज्यांनी कायनेटिक होंडा किंवा ॲक्टिव्हा चालवली आहे त्यांना ही यंत्रणा अनोळखी नाही. १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडाने आपल्याकडे बिनगिअरची स्कूटर रुजवली. तिच्यातला बेल्ट आणि सरकत्या तबकड्यांच्या दोन पुली, हीच मांडणी स्नोमोबाइलमध्ये आहे. क्रँकशाफ्टवरची पुली म्हणजे प्रायमरी क्लच आणि ट्रॅककडे जाणाऱ्या शाफ्टवरची, म्हणजे जॅकशाफ्टवरची, सेकंडरी. इंजिनाचे फेरे वाढले की प्रायमरीतली वजनं बाहेर फेकली जातात आणि तिच्या तबकड्या एकमेकींकडे सरकतात. त्यामुळे बेल्ट प्रायमरीत कडेकडे चढतो आणि सेकंडरीत आत उतरतो.

स्कूटरशी फरक आहे तो एका महत्त्वाच्या ठिकाणी. स्कूटरमध्ये मागच्या पुलीपाशी वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच असतो, तो गाडी पकडतो आणि सोडतो. स्नोमोबाइलमध्ये असा वेगळा क्लच नाही. इंजिन आयडलवर असताना प्रायमरीच्या तबकड्या उघड्या राहतात आणि बेल्ट त्यांच्यामध्ये सैल पडून असतो. फेरे साधारण ३५०० ते ४२०० च्या दरम्यान पोचले की तबकड्या बेल्ट पकडतात आणि गाडी हलते. म्हणजे दर वेळी निघताना बेल्ट क्षणभर घसरतो, तापतो आणि मग पकडतो. चाचणीत बेल्टच्या तापमानाला एवढं महत्त्व का द्यायचं, ते इथे कळेल.

या क्लचमध्ये चाललेली ताकद किती असते याचा अंदाज घ्या. एक वजन ५० ग्रॅमचं धरा आणि ते शाफ्टच्या मध्यापासून ५ सेंटिमीटरवर फिरतंय असं समजा. मिनिटाला ८००० फेऱ्यांना ते सुमारे १८० किलोच्या भाराइतक्या जोराने बाहेर ओढलं जातं, आणि क्लचमध्ये अशी तीन किंवा जास्त वजनं असतात. फेरे निम्मे झाले की हा जोर निम्मा होत नाही, चौथ्या हिश्श्यावर येतो. त्याच ८००० फेऱ्यांना १९ सेंटिमीटर व्यासाच्या तबकडीची कड सेकंदाला जवळजवळ ८० मीटर, म्हणजे ताशी २८५ किलोमीटरच्या वेगाने धावत असते. तुमच्या पायापासून ती काही इंचांवर आहे. म्हणून बेल्टवरचं संरक्षक आवरण आणि बाजूचं पॅनेल लावल्याशिवाय इंजिनला जोरात रेस द्यायची नाही, चाचणीसाठी तर मुळीच नाही. बेल्ट काढलेला असताना तर इंजिन चालूच करायचं नाही. ओढायला भार नसला की फेरे भलतीकडे जातात आणि क्लच फुटू शकतो.

मूळ क्लच आधी तंदुरुस्त करा

लोक हा टप्पा गाळतात आणि म्हणून इथे मी जरा रेंगाळणार आहे.

बेल्टपासून सुरुवात करा. त्याची रुंदी मोजा आणि मॅन्युअलमधल्या किमान रुंदीशी ताडून बघा. कडा चकचकीत झाल्या असतील, एखाद्या ठिकाणी बेल्ट बारीक झाला असेल किंवा दोरे सुटले असतील तर तो टाकून द्या. मूळ आणि नवा, दोन्ही क्लच एकाच प्रकारच्या आणि सारख्याच रुळलेल्या बेल्टवर तपासायचे आहेत, तेव्हा एकसारखे दोन बेल्ट आणा. नवा बेल्ट गरम साबणपाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, कारण कारखान्यातलं साचा सुटण्यासाठी लावलेलं द्रव्य त्याच्यावर असतं. मग पहिले पन्नास किलोमीटर थ्रॉटल कमीजास्त करत, पूर्ण न दाबता चालवा. न रुळलेल्या बेल्टवर घेतलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका.

तबकड्या अ‍ॅसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बेल्टचा काळा थर बसला असेल तर बारीक घासणीने हलक्या हाताने काढा. मग प्रायमरीची सरकती तबकडी हाताने हलवून बघा. शाफ्टवर ती डुगडुगत असेल तर बुश गेले. झाकण उघडण्याआधी झाकण, स्पायडर (आतला अनेक हातांचा भाग) आणि तबकडी यांच्यावर जुळणीच्या खुणा आहेत का ते पाहा. अनेक क्लचवर त्या ओतीव असतात, नसतील तर मार्करने स्वतः करा. क्लच पूर्ण जोडलेल्या अवस्थेत बॅलन्स केलेला असतो. एखादा भाग फिरवून बसवला तर तोल बिघडतो आणि त्याचा हादरा थेट क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर जातो.

आत रोलरवर सपाट चट्टे पडलेत का, वजनांच्या वक्र पाठीवर खाच पडलीय का, पिना सैल आहेत का, हे बघा. प्रत्येक वजन दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला आणि आकडा लिहा. स्प्रिंग बसली आहे का हे नुसतं बघून कळत नाही. नवी मूळ स्प्रिंग फार महाग नसते, तेव्हा सरळ बदला. सेकंडरीतही हेच करा, तिथले रोलर किंवा घासपट्ट्या झिजल्या असतील तर हेलिक्सवर, म्हणजे तिच्या आतल्या तिरक्या उतारावर, ती अडखळत सरकते. या सगळ्याचा खर्च पूर्ण नव्या क्लचच्या मानाने थोडका असतो. कित्येकांची तक्रार इथेच मिटते, आणि ज्यांची मिटते त्यांनी नवा क्लच घेऊच नये असं मला मनापासून वाटतं.

बसवताना

प्रायमरी क्लच क्रँकशाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो. तो काढायला त्याच मॉडेलसाठी असलेला पुलर लागतो. दुसऱ्याचा जवळपास बसणारा पुलर वापरलात तर आटे जातात. हातोड्याने ठोकून काढणं तर क्रँकशाफ्टच्या जिवावर बेततं. नवा बसवण्याआधी शाफ्टचा निमुळता भाग आणि क्लचची आतली बाजू दोन्ही कोरडी, स्वच्छ पुसा. तिथे तेल, ग्रीस काही लावायचं नाही, कारण पकड पृष्ठभागांच्या घर्षणावरच असते. बोल्ट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याइतका आवळा. निर्मात्याने वेगळा बोल्ट दिला असेल तर त्याने सांगितलेला आकडा पाळा. थोडं चालवून, गाडी तापून थंड झाल्यावर तो पुन्हा तपासा.

यानंतर दोन्ही क्लचमधलं अंतर आणि ते एका रेषेत आहेत का ते सरळपट्टीने मोजा. बाहेरच्या क्लचमध्ये गोंधळ होतो तो बहुधा इथे. क्लच स्वतः निर्दोष असतो, पण तुमच्या इंजिनाचे माउंट किंवा जॅकशाफ्ट थोडे सरकलेले असतात. बेल्टचा ताणही मॅन्युअलप्रमाणे लावा. तो जास्त घट्ट असेल तर गाडी आयडलवरच हळूहळू पुढे सरकते, फार सैल असेल तर निघताना झटका बसतो. दोन्ही दोषांचं खापर लोक नव्या क्लचवर फोडतात.

कुठे चाचणी करायची

मिनेसोटात सार्वजनिक जमिनीवर आणि गोठलेल्या तलावांवर स्नोमोबाइलला ताशी ५० मैलांची, म्हणजे ८० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. त्यामुळे पूर्ण थ्रॉटलची चाचणी सार्वजनिक ट्रेलवर होत नाही, आणि झाडीतून वळण घेणाऱ्या ट्रेलवर ती कायद्यात बसली असती तरी करू नये. शेतमालकाची परवानगी घेऊन सपाट शेत वापरा, किंवा स्थानिक क्लब हिवाळ्यात वेगमापनाचे दिवस भरवतात तिथे जा. शेतात आधी पायी किंवा अगदी सावकाश फिरून तारेचं कुंपण, चर, बर्फाखाली दडलेले दगड बघून घ्या. धावपट्टी तीनशे मीटरची असेल तर तिच्यापुढे थांबायला निदान तेवढीच मोकळी जागा हवी.

वेगमर्यादा पाळून तलावावर जाणार असाल तर स्नोमोबाइलसाठी मिनेसोटाच्या निसर्गसंपदा विभागाचा सल्ला आहे, नवा पारदर्शक बर्फ किमान ५ ते ७ इंच जाड असावा. पांढरा, बर्फाळ चिखलासारखा गोठलेला थर असेल तर दुप्पट जाडी लागते. एका जागी भोक पाडून मोजणं पुरत नाही, जाल त्या वाटेवर मोजत जा. ज्यांचा जन्म ३१ डिसेंबर १९७६ नंतरचा आहे त्यांना मिनेसोटात सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही हवं, आणि आपल्याकडून आलेल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. एकट्याने चाचणी करू नका.

धाव कशी घ्यायची

सगळ्यात भरवशाचा क्रम जुना, नवा आणि पुन्हा जुना असा आहे. बर्फ दिवसभर सारखा राहत नाही. दहा वाजताचा भुसभुशीत बर्फ दोन वाजेपर्यंत गाड्यांनी दाबून कडक होतो, ऊन आलं की वरचा थर ओलसर होतो. सकाळी जुना आणि दुपारी नवा तपासलात तर नव्याच्या पदरात बर्फाचं श्रेयही पडतं. शेवटी पुन्हा जुना बसवला की हे उघड होतं. उणे पंधरात मैदानावर दोनदा क्लच बदलणं कष्टाचं आहे, मला मान्य आहे. ज्यांना ते जमत नाही त्यांनी मित्राची एक गाडी साक्षीदार म्हणून उभी करावी. तिच्यात दिवसभर काहीही बदलायचं नाही. तुमच्या प्रत्येक धावेबरोबर तीही धावते. दुपारी दोन्ही गाड्या सारख्याच वेगवान झाल्या तर फरक बर्फाचा. तुमचीच झाली तर क्लचचा.

बाकीच्या गोष्टी जागच्या जागी ठेवा. चालक तोच, कपडे तेच, टाकी शक्यतो अर्धी, ट्रॅकचा ताण तोच. इंजिन आणि एक्झॉस्ट पाइप दर धावेआधी सारखेच तापलेले असावेत. टू-स्ट्रोक इंजिनाचा पाइप तापला की त्याची ताकद किंचित वरच्या फेऱ्यांना मिळते, त्यामुळे थंड पाइपवरची पहिली धाव हिशेबात धरू नका.

पहिली तपासणी संथ. सपाट, दाबलेल्या बर्फावर थ्रॉटल हळूहळू दाबा आणि गाडी हलते त्या क्षणी फेरे किती आहेत ते टिपा. थंड बेल्टवर एकदा आणि भरपूर चालवून तापलेल्या बेल्टवर एकदा. पकड जोरात बसणारा क्लच चालकाला आवडतो, कारण निघताना पाठीला धक्का बसतो. तो धक्का म्हणजे वेग नव्हे. ज्या गाडीवर मागे मूल किंवा आईवडील बसणार आहेत, तिच्यात मऊ पकड हाच गुण समजा.

मग सरळ धाव. त्याआधी काळ्या मार्करने प्रायमरीच्या तबकडीवर आतून कडेपर्यंत एक सरळ रेघ ओढा. बेल्ट जिथपर्यंत चढतो तिथपर्यंत ती पुसली जाते. धाव संपवून, इंजिन बंद करून पॅनेल उघडा, क्लचने आपला पल्ला कितपत वापरला हे एका नजरेत दिसतं. रेघेचा वरचा भाग शिल्लक राहिला असेल तर गाडी शेवटच्या गिअरपर्यंत पोचलीच नाही. ही युक्ती फुकट आहे आणि तिच्याइतकं खरं बोलणारं साधन महागड्या उपकरणांतही क्वचित मिळतं.

फेरे डोळ्यांनी वाचायचा प्रयत्न करू नका, नजर समोरच्या बर्फावर हवी. डॅशबोर्डवर रोखलेला छोटा कॅमेरा लावा आणि नंतर घरी चित्रफीत थांबवत थांबवत बघा. शंभर, दोनशे आणि तीनशे मीटरला फेरे किती, वेग किती, हे लिहा. वेगासाठी गाडीचा मीटर आणि जीपीएस, दोन्ही घ्या. मीटर ट्रॅकचा वेग सांगतो, जीपीएस जमिनीवरचा. मीटर ९५ दाखवतो आणि जीपीएस ८० तर ट्रॅक फिरतोय, गाडी तेवढी जात नाही. नवा क्लच जास्त झटक्याने ताकद देत असेल तर ही तफावत वाढते, आणि चालकाला मात्र गाडी तुफान वाटते. फोनचा जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच नोंद घेतो, छोट्या धावेला तो अपुरा पडतो. सेकंदाला दहा नोंदी घेणारं उपकरण उसनं मिळालं तर आणा.

यानंतर थ्रॉटल सोडून पुन्हा दाबण्याची तपासणी. ताशी साठ-सत्तर किलोमीटरवर स्थिर चालवा, अंगठा पूर्ण सोडा, गाडी तीस-पस्तीसवर येऊ द्या आणि एकदम पूर्ण दाबा. फेरे लगेच आपल्या जागी येतात की गाडी क्षणभर गुदमरते? वळणावळणाच्या ट्रेलवर आणि खोल बर्फातल्या चढावर याच गुणाची गरज पडते. यात बहुधा सेकंडरीची कामगिरी कळते. नवा प्रायमरी बसवला आणि सेकंडरी जुनीच ठेवली असेल तर निकाल अर्धवट आहे हे ध्यानात ठेवा.

आणि तापमान. धाव संपली की इंजिन बंद करून लगेच दोन्ही क्लचचं तापमान घ्या. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखलात तर तो खूप कमी आकडा दाखवतो, कारण असा धातू उष्णता फार थोडी उत्सर्जित करतो. तबकडीच्या पाठीवर, बेल्ट लागत नाही अशा जागी, उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा छोटा ठिपका द्या आणि नेहमी तिथेच मोजा. दोन्ही क्लचसाठी ही खबरदारी घेतली नाही तर तुलना फसते, काळ्या मुलाम्याचा क्लच तापल्यासारखा आणि चकचकीत क्लच थंड असल्यासारखा दिसतो. प्रायमरी जास्त तापत असेल तर बेल्ट तिथे घसरतोय, सेकंडरी तापत असेल तर तिचा बाजूचा दाब कमी पडतोय, असा पहिला तर्क करा.

शर्यतीत न उतरणाऱ्यांसाठी आणखी एक मोजणी मला या सगळ्यांहून मोलाची वाटते. ट्रेलवर ताशी ६५-७० किलोमीटरला स्थिर चालताना फेरे किती आहेत, आणि शंभर किलोमीटरला पेट्रोल किती लागलं. मिनेसोटात सुमारे २२,००० मैलांच्या ट्रेल आहेत, आणि बहुतेक गाड्यांचं आयुष्य त्यांवर अर्ध्या थ्रॉटलने चालण्यात जातं. तीनशे मीटरच्या धावेत दशांश सेकंद कमावून रोजच्या चालीत इंजिन पाचशे फेरे जास्त ओरडत असेल, तर तो सौदा तोट्याचा.

आकडे वाचताना

प्रत्येक क्लचच्या किमान चार-पाच धावा घ्या आणि जुन्याच्या धावांत आपापसांत किती फरक पडतो ते आधी बघा. समजा जुन्याच्या सर्वांत जलद आणि सर्वांत संथ धावेत तीन दशांश सेकंदांचं अंतर आहे आणि नव्याची सरासरी दोन दशांशाने चांगली आहे. तर तेवढ्यावरून नव्याला विजयी ठरवू नका. तो फरक चालकाचा, बर्फाचा, वाऱ्याचा कुणाचाही असू शकतो. नव्याची संथ धावदेखील जुन्याच्या जलद धावेपेक्षा पुढे असेल तर मग शंका उरत नाही.

पूर्ण थ्रॉटलला फेरे निर्मात्याने सांगितलेल्या आकड्यावर जाऊन तिथेच स्थिर राहायला हवेत. आजच्या बहुतेक ६०० ते ८५० सीसी टू-स्ट्रोक इंजिनांत तो आकडा ८००० च्या आसपास असतो, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. फेरे त्याच्या खाली अडकले तर वजनं जड आहेत, वर पळाले तर हलकी. प्रत्येक वजनात एक ग्रॅम बदलला की साधारण शंभरएक फेऱ्यांचा फरक पडतो, क्लचनुसार कमीजास्त. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी फेरे पडत असतील तर वजनाच्या टोकाकडचा भार जास्त किंवा प्रायमरी स्प्रिंगचा शेवटचा जोर कमी. पकड फार लवकर बसत असेल तर स्प्रिंगचा सुरुवातीचा जोर वाढवावा लागतो. हेलिक्सचा कोन मोठा घेतला की गाडी लवकर वरच्या गिअरकडे सरकते आणि फेरे उतरतात. कोन लहान असला की थ्रॉटल पुन्हा दाबताना ती चटकन खाली येते. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि गाडी सुधारली तर कशामुळे ते कळणार नाही, आणि बिघडली तर त्याहून नाही.

नवा क्लच डब्यातून काढून तसाच बसवला आणि फेरे पाचशेने चुकीचे आले, तर तो वाईट आहे असं म्हणू नका. त्याच्यातली वजनं तुमच्या इंजिनाला जुळलेली नाहीत एवढाच त्याचा अर्थ. त्याला न्याय द्यायचा तर आधी फेरे जुळवा आणि मगच शर्यत लावा. उलट, निर्मात्याकडे तुमच्या मॉडेलसाठी आणि उंचीसाठी वजन-स्प्रिंगचा तक्ताच नसेल तर मी तो क्लच घेणार नाही. ते काम तो तुमच्या खर्चाने तुमच्याकडून करून घेतोय.

उंचीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण मिनेसोटातली माणसं हौसेने गाड्या ट्रेलरवर टाकून वायोमिंगला किंवा मोंटानाला नेतात. दर ३०० मीटर चढाला इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते. वेस्ट यलोस्टोन गाव दोन हजार मीटरवर आहे, टोगवोटी खिंड जवळजवळ २,९०० मीटरवर. तिथे इंजिनाने पाचवा ते चौथा हिस्सा ताकद घालवलेली असते, आणि घरी अचूक जुळवलेली वजनं तिथे जड होतात, फेरे खाली अडकतात. घरच्या शेतातला निकाल डोंगरात लागू पडत नाही. डोंगरासाठी हलक्या वजनांचा वेगळा संच आणि वेगळी नोंद ठेवा.

घेण्याआधी दोन प्रश्न विक्रेत्याला विचारा. एक, तीन वर्षांनी बुश, रोलर आणि स्प्रिंग सुटे मिळतील का? दोन, हा क्लच बसवल्यावर मूळ कंपनीच्या वॉरंटीचं काय होईल? दुसऱ्याचं उत्तर डीलरकडून लेखी घ्या.

क्लच ठेवायचं ठरलं तर पहिल्या दीडशे किलोमीटरनंतर तो उघडा. बोल्टचा टॉर्क तपासा, वजनं पुन्हा तोला, रोलरवर चट्टे पडायला लागलेत का आणि आवरणात काळी धूळ किती साचली ते बघा. धूळ मूठभर निघाली तर रेषेची मापं पुन्हा घ्या. दुरुस्त केलेला मूळ क्लच विकू नका, तेलाचा पातळ हात फिरवून कापडात गुंडाळून ठेवा. पुन्हा बसवताना मात्र निमुळत्या भागावरचं आणि तबकड्यांवरचं ते तेल पूर्ण पुसून काढायचं.